‘स्टार्ट’ कुठे काय सांगतो: नाशिकमध्ये कामाला येणाऱ्यांसाठी

सुरगाणा, पेठ, कळवण, नांदगाव अशा तालुक्यांतून आयटीआय किंवा बारावी करून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत येणाऱ्या मुलामुलींना इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांची धास्ती असते. खरी अडचण लहान शब्द करतात. ‘हायड्रॉलिक’ एकदा कळला की कळला. ‘स्टार्ट’ मात्र मशीनच्या बटणावर एक सांगतो, ऑफर लेटरमध्ये दुसरं, हॉटेलच्या मेनूकार्डावर तिसरं आणि पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटच्या जाहिरातीत आणखीच काही. शब्द ओळखीचा वाटतो, त्यामुळे थांबून विचार कोणी करत नाही. पण काही जागी तो हाताच्या सुरक्षिततेशी जोडलेला असतो आणि काही जागी खिशाशी, म्हणून तो नीट शिकून घेणं मला फार गरजेचं वाटतं.

अर्थांची यादी पाठ करू नका. शब्दाच्या शेजारी काय आहे ते बघण्याची सवय लावा. कोण सुरू होतंय, कोण सुरू करतंय, मागे-पुढे कुठला छोटा शब्द चिकटलाय, एवढं पाहिलं की बहुतेक वेळा अर्थ हाती लागतो. त्यासाठी पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या.

पहिली पायरी: मराठीतला ‘स्टार्ट’ वेगळा काढा

आपल्याकडे ‘चालू’ आणि ‘सुरू’ हे दोन शब्द केवढं तरी काम करतात. दिवा चालू, पंखा चालू, गाडी चालू. दुकान सुरू, शाळा सुरू, पाऊस सुरू. यातल्या प्रत्येक जागी ‘स्टार्ट’ घातला की इंग्रजी बिघडतं.

दिवा, टीव्ही, गिझर, एसी यांना इंग्रजीत ‘स्विच ऑन’ किंवा ‘टर्न ऑन’ करतात. ‘स्टार्ट द लाइट’ असं म्हणत नाहीत. इंजिन, गाडी, जनरेटर, पंप, कंप्रेसर यांना ‘स्टार्ट’ करतात. पंखा फिरतो तरी त्याला ‘टर्न ऑन’च लावतात. घरातल्या विजेच्या वस्तूंचा तो रिवाज आहे, त्यात नियम शोधत बसू नका.

‘दुकान सुरू आहे का?’ याचं इंग्रजी ‘इज द शॉप ओपन?’ असं होतं. ‘स्टार्ट द शॉप’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही नवा धंदा काढताय. मीटिंगला उशिरा पोहोचलात तर ‘द मीटिंग हॅज स्टार्टेड’ म्हणा. ‘इज स्टार्टेड’ ही नवशिक्यांची सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक आहे, कारण ‘सुरू झाली आहे’मधला ‘आहे’ आपण तसाच उचलतो. आणि मीटिंग चालली असेल, मध्यावर आली असेल, तर ‘स्टार्ट’ची गरजच नाही; ‘द मीटिंग इज गोइंग ऑन’ पुरे.

आता ‘पासून’. ‘सोमवारपासून ड्यूटी सुरू’ हे डोक्यात असतं, म्हणून तोंडातून ‘स्टार्ट्स फ्रॉम मंडे’ निघतं. कारखान्यात ते सगळ्यांना समजतं, तिथे कोणी हसणार नाही. पण परदेशी ग्राहकाला ईमेल लिहायचा असेल तर वारासाठी ‘ऑन’ आणि वेळेसाठी ‘ॲट’ लिहा: ‘माय ड्यूटी स्टार्ट्स ऑन मंडे’, ‘द शिफ्ट स्टार्ट्स ॲट सेव्हन’. ‘फ्रॉम’ जागेला शोभतो: ‘द बस स्टार्ट्स फ्रॉम सीबीएस’ (सीबीएस म्हणजे नाशिकचा मध्यवर्ती बसस्टँड).

आपलं ‘लागणे’ मात्र ‘स्टार्ट’शी छान जुळतं. ‘पाऊस पडायला लागला’ म्हणजे ‘इट स्टार्टेड टु रेन’ किंवा ‘इट स्टार्टेड रेनिंग’. दोन्ही बरोबर. फक्त ‘स्टार्टिंग’ असं रूप आलं की पुढे पुन्हा ‘-इंग’ नको. ‘इट इज स्टार्टिंग टु रेन’ म्हणायचं. ‘मला समजायला लागलं’ अशा मनातल्या गोष्टींनाही ‘टु’च चांगला: ‘आय स्टार्टेड टु अंडरस्टँड’.

दुसरी पायरी: बटणावरचा ‘स्टार्ट’

इथे घाई नको. ‘ऑन’ आणि ‘स्टार्ट’ ही दोन वेगळी बटणं का असतात, हे पहिल्याच आठवड्यात समजून घ्या.

सीएनसी, म्हणजे संगणकी प्रोग्रॅमवर चालणारं मशीन घ्या. मेन स्विच टाकला, कंट्रोल ‘पॉवर ऑन’ केला, पडदा उजळला. मशीनला वीज मिळाली, पण काम सुरू झालेलं नाही. मग आणीबाणीचं लाल बटण मोकळं करायचं, बऱ्याच मशीनवर ॲक्सिस ‘होम’ला, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या मूळ जागी न्यायचे, प्रोग्रॅम निवडायचा, मोड ‘ऑटो’वर आणायचा, जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, नीट पकडलाय हे बघायचं, दार लावायचं. यानंतर ‘सायकल स्टार्ट’. हे बटण दाबलं की प्रोग्रॅम ज्या ओळीवर उभा आहे तिथून पळायला लागतो. ते सहसा हिरवं असतं आणि त्याच्या जवळपास ‘फीड होल्ड’ असतं. ‘फीड होल्ड’ने टूलची चाल थांबते, पण स्पिंडल, म्हणजे टूल किंवा जॉब फिरवणारा दांडा, फिरतच राहू शकतो. चाल थांबली म्हणून हात आत घालू नका. नव्या माणसाने ‘सायकल स्टार्ट’ दाबण्याआधी प्रोग्रॅमचा नंबर आणि टूलची जागा मोठ्याने बोलून खात्री करावी. ऑपरेटर दादांना तेच तेच विचारलं तरी चालेल. लाज बाळगू नका.

साध्या मोटारीच्या पॅनेलवरचं हिरवं बटण क्षणभर दाबून सोडलं तरी मोटार चालूच राहते. कारण बटण फक्त काँटॅक्टर, म्हणजे मोटारीची वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच, ओढायला निमित्त होतं. पुढे काँटॅक्टरचाच एक जोड स्वतःच्या कॉइलला वीज देत राहतो. याला ‘होल्डिंग’ म्हणतात. लाइट गेली की काँटॅक्टर सुटतो, आणि लाइट परत आली तरी मोटार आपोआप फिरत नाही. कोणाचा हात पट्ट्यात असताना मशीन अचानक चालू होऊ नये, यासाठीच ही व्यवस्था. म्हणून या पॅनेलवर ‘स्टार्ट’चा अर्थ असा घ्या: माणसाने जाणीवपूर्वक दिलेली परवानगी. शेतातल्या पंपाला ‘ऑटो’ लावला असेल तर तिथे ही परवानगी आपण आधीच देऊन ठेवलेली असते, लाइट आली की पंप स्वतः उचलतो. सुट्टीत घरी गेलात आणि विहिरीवर पंपाचं काम निघालं तर ‘ऑटो’ आणि मेन स्विच दोन्ही बंद आहेत, हे आधी बघा.

संगणकावर ‘स्टार्ट’ पुन्हा वेगळा. १९९५ साली विंडोज ९५ आलं, त्यात कोपऱ्यात ‘स्टार्ट’चं बटण होतं आणि ते आजही आहे. तिथे ‘स्टार्ट’ म्हणजे ‘इथून कामाला लागा’. म्हणून संगणक बंद करायचा तरी तिथेच जावं लागतं. एमएस-सीआयटीला बसणारे अनेकजण इथे गोंधळतात. ‘रीस्टार्ट’ आणि ‘बंद करून चालू करणं’ हेही एक नाही. आताच्या विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ करताना सिस्टिमच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. ‘रीस्टार्ट’मध्ये सगळं नव्याने भरलं जातं. त्यामुळे संगणक अडकला आणि आयटीवाल्याने ‘रीस्टार्ट करा’ म्हटलं, तर ‘रीस्टार्ट’वरच क्लिक करा.

तिसरी पायरी: जुना अर्थ ओळखा

‘शी वोक विथ अ स्टार्ट’ असं वाक्य वाचलंत तर तिने काही सुरू केलं असं समजू नका. ती दचकून जागी झाली. हा अर्थ अवघड वाटतो, पण खरं तर तोच मूळचा. जुन्या इंग्रजीत हा शब्द उडी घेणं, उसळणं यासाठी होता. जर्मनमधला ‘श्टुर्त्सन’, म्हणजे कोसळणं किंवा झेपावणं, हा त्याच्याच कुळातला. अचानक उसळणं, मग जागेवरून निघणं, प्रवासाला निघणं, आणि बऱ्याच नंतर ‘सुरू होणं’, असा तो सरकत आला. ‘स्टार्टल’, म्हणजे दचकवणं, हाही याच मुळाचा.

हे एकदा लक्षात राहिलं की बाकीचं सोपं जातं. ‘बाय फिट्स अँड स्टार्ट्स’ म्हणजे सलग न होता, मध्येच उसळून मध्येच थांबत झालेलं काम. ‘अपस्टार्ट’ म्हणजे एकदम वर आलेला आणि त्याचा ताठा मिरवणारा माणूस. त्याचा नव्या कंपनीशी काही संबंध नाही, तेव्हा साहेबांना कौतुकाने तो शब्द वापरू नका. आणि मशीनला ‘स्टार्ट’ चालतो पण ‘बिगिन’ चालत नाही, तेही याच मुळाशी जुळतं. गाडी जागेवरून उसळते. ‘बिगिन द कार’ कोणी म्हणत नाही. ‘बिगिन’ कामाला, भाषणाला, दिवसाला.

चौथी पायरी: चिकटलेले छोटे शब्द

‘स्टार्ट ओव्हर’ म्हणजे पहिल्यापासून पुन्हा. सुपरवायझर ‘स्टार्ट ओव्हर’ म्हणाला तर झालेलं काम बाजूला ठेवायचं, उरलेलं पुढे रेटायचं नाही. ‘स्टार्ट आउट’ बहुधा आयुष्याच्या किंवा नोकरीच्या सुरुवातीबद्दल: ‘ही स्टार्टेड आउट ॲज अ हेल्पर’. ‘स्टार्ट ऑफ’ बैठकीच्या, दिवसाच्या, गप्पांच्या सुरुवातीला. ‘स्टार्ट ऑन’ म्हणजे एखाद्या कामाला हात घालणं.

‘टु स्टार्ट विथ’ याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही रोजचे. वाक्याच्या आरंभी आला तर ‘पहिली गोष्ट म्हणजे’. शेवटी आला तर ‘सुरुवातीला’: ‘इट वॉज डिफिकल्ट टु स्टार्ट विथ’, आधी अवघड होतं, आता नाही. ‘फॉर अ स्टार्ट’ हा फक्त पहिल्या अर्थाचा.

‘डोन्ट स्टार्ट!’ हे रागाने म्हटलेलं ऐकू येतं. आपण ‘झालं का तुझं सुरू!’ म्हणतो, अगदी तेच. भांडणानंतर ‘ही स्टार्टेड इट’ म्हणजे कुरापत त्याने काढली. ‘स्टार्ट अ फॅमिली’चा अर्थ लग्न करणं असा घेतला जातो, बोलणाऱ्याला बहुधा मूल होऊ देण्याविषयी म्हणायचं असतं, तेव्हा अभिनंदन करायची घाई करू नका.

पाचवी पायरी: ‘स्टार्टर’ कोण, हे जागेवरून ठरवा

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला स्टार्टर म्हटलं की पंपाची पेटी आठवते. मोटार उभी असताना एकदम पूर्ण वीज दिली तर ती पहिल्या क्षणांत नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. लहान मोटारीला हे चालतं, म्हणून तिला थेट जोडणारा डीओएल स्टार्टर लावतात. मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा: आधी वाइंडिंग स्टारमध्ये जोडल्याने लाइनवरचा प्रवाह एक तृतीयांशावर येतो, मोटार वेगात आली की जोडणी डेल्टात बदलते. वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

जुन्या चोकवाल्या ट्यूबचा स्टार्टर म्हणजे ती छोटी डबी. एलईडी ट्यूबला तो लागत नाही. गाडीतला स्टार्टर ही इंजिनाला पहिला फेरा देणारी छोटी मोटार. कोंबड्यांच्या शेडमध्ये ‘प्री-स्टार्टर’, ‘स्टार्टर’ आणि ‘फिनिशर’ ही पिल्लांच्या वयाप्रमाणे बदलणाऱ्या खाद्याची नावं. डेअरीत किंवा वायनरीत ‘स्टार्टर कल्चर’ ऐकाल. दह्याचं विरजण हे घरातलं स्टार्टर कल्चरच.

नाशिकरोड स्टेशनवर काम मिळालं तर ‘स्टार्टर’ म्हणजे सिग्नल. गाडीने फलाट सोडायचा की नाही ते स्टार्टर सांगतो, आणि त्यापुढचा ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टर’ हा स्टेशन सोडतानाचा शेवटचा थांबा-सिग्नल. इथे एक उलट भाषा आहे, ती जपा: रेल्वेत सिग्नल ‘ऑन’ म्हणजे थांबा, ‘ऑफ’ म्हणजे निघा. घरातल्या स्विचची सवय तिथे नेऊ नका.

कॉलेज रोडच्या हॉटेलात वेटरने ‘स्टार्टर में क्या?’ विचारलं तर तो जेवणाआधीच्या पदार्थांबद्दल बोलतोय. त्यात पोळी-भाजी येत नाही आणि स्टार्टर घेणं सक्तीचं नाही. ‘डायरेक्ट मेन कोर्स’ म्हणा, मोकळे व्हा.

मैदानावरचा ‘स्टार्ट’

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी हे थोडक्यात. ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतीत खाली वाकून सुरुवात होते आणि ‘ऑन युअर मार्क्स’, ‘सेट’, मग पिस्तुलाचा आवाज असा क्रम असतो. त्याहून लांब शर्यतीत ‘सेट’ नसतो. आपल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत, ज्यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं, त्यांची शर्यत अशीच उभ्याने सुरू होते. पिस्तूल चालवणाऱ्या अधिकाऱ्यालाही ‘स्टार्टर’च म्हणतात.

आवाजाआधी निघालात की ‘फॉल्स स्टार्ट’. २०१० पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्याच चुकीला बाद करतात. २०११ मध्ये देगूला १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत उसेन बोल्ट याच कारणाने बाहेर गेला. इतकंच नाही, आवाजानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत निघालात तरी तो फॉल्स स्टार्ट, कारण तेवढ्या वेळात माणूस आवाज ऐकून हलूच शकत नाही असं धरलं जातं. ऑफिसात हाच शब्द फसलेल्या सुरुवातीला वापरतात. ‘हेड स्टार्ट’ म्हणजे इतरांपेक्षा आधी किंवा पुढून निघायला मिळणं: ज्याने आयटीआयमध्येच सीएनसी हाताळलं, त्याला कारखान्यात ‘हेड स्टार्ट’ मिळतो.

शेवटची पायरी: कागदावरचा ‘स्टार्ट’

मुलाखतीच्या शेवटी ‘व्हेन कॅन यू स्टार्ट?’ विचारलं की बरीच मुलं आपली माहिती पुन्हा सांगायला लागतात. विचारणाऱ्याला फक्त तारीख हवी असते, ज्याला आपल्याकडे ‘जॉइनिंग’ म्हणतात. ‘आय कॅन स्टार्ट ऑन द फर्स्ट’ एवढं पुरतं. आधीच्या जागी नोटीस द्यायची असेल तर तितके दिवस धरूनच तारीख सांगा.

‘स्टार्टिंग सॅलरी’ म्हणजे पहिला पगार. पुढे तो वाढेल असं वचन या शब्दात नसतं. किती कापून हातात किती येणार, वाढ कधी आणि कशावर, हे वेगळं विचारा आणि लेटरमध्ये लिहिलेलं बघा.

वाहन उद्योगात ‘एसओपी’ हे लघुरूप दोन अर्थांनी फिरतं. नव्या भागाच्या वेळापत्रकात ते ‘स्टार्ट ऑफ प्रॉडक्शन’, म्हणजे नियमित उत्पादन सुरू होण्याची तारीख. मशीनशेजारी लावलेल्या कागदावर ते ‘स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर’, म्हणजे काम करण्याची ठरलेली पद्धत. मीटिंगमध्ये ‘एसओपी पुढे गेली’ असं ऐकलंत तर ती तारीख. ‘एसओपी वाचली का?’ असं विचारलं तर तो कागद.

‘स्टार्टअप’ म्हणजे कुठलाही नवा धंदा नव्हे. मिसळीची गाडी लावलीत तर तुम्ही ‘स्टार्टेड अ बिझनेस’. नवी कल्पना घेऊन झपाट्याने वाढू पाहणाऱ्या कंपनीला स्टार्टअप म्हणतात, आणि सरकारी मान्यतेला वेगळ्या अटी असतात. १६ जानेवारी २०१६ ला ‘स्टार्टअप इंडिया’ आली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘स्टँड-अप इंडिया’. दुसरी योजना महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंतच्या बँक कर्जासाठी होती. नावं सारखी वाटतात म्हणून एकीचे कागद घेऊन दुसरीच्या खिडकीवर उभं राहणारे भेटायचे.

आता घर. फलकावर ‘फ्लॅट्स स्टार्टिंग फ्रॉम’ आणि पुढे मोठा आकडा असतो. तो सर्वांत स्वस्त फ्लॅटचा असतो, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, पार्किंग बहुधा त्यात धरलेलं नसतं. तुम्हाला दाखवलेल्या फ्लॅटचा सगळं धरून आकडा कागदावर मागा. बिल्डरचा माणूस ‘सीसी आलंय’ म्हणाला तर ते ‘कमेन्समेंट सर्टिफिकेट’, बांधकाम सुरू करण्याची परवानगी. ‘कमेन्स’ हा ‘स्टार्ट’चाच सरकारी कागदांतला भाऊबंद. राहायला जायला लागतो तो भोगवटा दाखला, म्हणजे ‘ओसी’. बँकेच्या कर्जासाठी धावण्याआधी दोन्हींपैकी हातात काय आहे ते विचारा.

भाड्याने राहणार असाल, आणि सुरुवातीला बहुतेकांना सिडको किंवा अंबडकडे खोलीच घ्यावी लागते, तर करार सहसा ११ महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असतो आणि महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावीच लागते. त्यात ‘कमेन्सिंग ऑन’पुढची तारीख आधी वाचा. भाडं त्या दिवसापासून लागतं, तुम्ही सामान कधी आणलंत याच्याशी त्याचा संबंध नाही. किल्ली २० तारखेला मिळणार असेल आणि करारात १ तारीख असेल, तर सही करण्याआधी घरमालक काकांना ती तारीख बदलायला सांगा.